रुळलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा बदल कसा करावा

वर्षानुवर्षं चालत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मुळापासून काही बदलायचं म्हटलं की विरोध ठरलेलाच. बदल सुचवणाऱ्याला वाटतं, ही मंडळी जुन्याला चिकटून बसली आहेत. विरोध करणाऱ्याला वाटतं, हा काल आलेला माणूस चांगलं चाललेलं मोडायला निघालाय. मी दोन्ही बाजूंनी बैठकांत बसलो आहे आणि माझं मत पक्कं झालंय: बहुतेक विरोधाच्या मुळाशी एक रास्त प्रश्न असतो. बदलाचा फायदा एकाला आणि निस्तरायचं दुसऱ्यानं, हे का? या प्रश्नाचं उत्तर वाद घालून देता येत नाही, काम करूनच द्यावं लागतं. ते काम कोणत्या क्रमानं करावं, हे पुढे लिहितो. डेटाबेस बदलायचा असो, प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती असो, एपीआय (एका प्रोग्रामनं दुसऱ्याशी बोलायची ठरलेली पद्धत) असो की वापरणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली स्क्रीन असो, क्रम साधारण हाच राहतो.

पायरी १: विरोधाची फोड करा

‘हे नको’ या दोन शब्दांत अनेक वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो. कोणाची एखादी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) जुन्या वागणुकीवर उभी असते आणि ती मोडणार असते. कोणाला बदल पटलेला असतो, पण त्यासाठी लागणारे तास त्याच्या वेळापत्रकात नसतात. कोणी दहा वर्षं घालवून जुन्या सिस्टिमचे खाचखळगे शिकलेला असतो आणि ते ज्ञान एका रात्रीत निरुपयोगी होणार असतं. कोणी मागच्या वेळी अर्धवट सोडलेला बदल आजही सांभाळत असतो, त्यामुळे त्याचा नव्या आश्वासनावर विश्वास बसत नाही. आणि काहींना तुम्ही कोणता प्रश्न सोडवताय हेच कळलेलं नसतं.

म्हणून बैठक बोलावण्याआधी लोकांना एकेकटं भेटा. ‘तुमचा विरोध का आहे?’ असं विचारलंत तर माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. त्याऐवजी विचारा, ‘हा बदल सोमवारी लागू झाला, तर तुमच्याकडे सगळ्यात आधी काय बंद पडेल?’ या प्रश्नाला ठोस उत्तरं मिळतात. रात्री आपोआप चालणाऱ्या एखाद्या जॉबचं नाव निघतं, कोणाच्या तरी एक्सेल फाइलचा उल्लेख होतो, तिसऱ्याच विभागाला जाणारा रिपोर्ट समोर येतो. ही यादी लिहून ठेवा आणि प्रत्येक नोंदीपुढे ती सांगणाऱ्याचं नाव घाला, कारण पुढे त्याच माणसाला ‘तुमचं हे सोडवलं, बघून घ्या’ असं सांगायचं आहे.

सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्याचा विरोध सगळ्यात महत्त्वाचा असतोच असं नाही. गप्प बसलेला ऑपरेशन्सचा माणूस, ज्याला रात्री दोनला फोन येणार आहे, त्याला आवर्जून बोलतं करा.

पायरी २: जुनं तसं का आहे ते शोधा

‘मेक’ हे बिल्ड करण्याचं, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याचं, साधन १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. त्याच्या फाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू व्हावी लागते, तिथे स्पेस चालत नाहीत. ही अडचण लेखकाच्या फार लवकर लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक ते साधन वापरू लागले होते आणि त्यांचं काम मोडायला नको म्हणून टॅब तसाच राहिला. तो आजही मेकचा मूळ नियम आहे आणि नवशिके त्यात आजही अडकतात. डझनभर वापरकर्ते एवढे जड होत असतील, तर हजारोंचं काय!

सॉफ्टवेअरच्या जगात अभियंते हायरम राइट यांच्या नावानं ओळखला जाणारा एक नियम आहे: वापरणारे पुरेसे वाढले की सिस्टिमच्या दिसणाऱ्या प्रत्येक वागणुकीवर कोणी ना कोणी विसंबून असतं, तुम्ही कागदावर काहीही लिहिलेलं असो. एरर मेसेजमधला मजकूर शोधून त्यावर निर्णय घेणारी स्क्रिप्ट असते. यादी ‘योगायोगानं’ एका क्रमानं येते म्हणून तोच क्रम धरून चालणारी स्क्रीन असते. उत्तर यायला अमुक वेळ लागतो म्हणून तसा टायमर लावलेला असतो. हे सगळे अलिखित करार आहेत आणि प्रस्थापित सिस्टिममध्ये लिखित करारांपेक्षा त्यांचीच संख्या मोठी असते.

ते उकरून काढायची साधी पद्धत सांगतो. ज्या भागाला हात लावणार आहात त्याचा व्हर्जन कंट्रोलमधला (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनातला) इतिहास वाचा. विचित्र वाटणारी प्रत्येक अट कोणत्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आली, त्या कमिटला कोणत्या तक्रारीचा क्रमांक जोडलेला आहे, ते पाहा. मग प्रोडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या सिस्टिममध्ये, लॉग (वापराची आपोआप होणारी नोंद) लावा: या फंक्शनला, या टेबलला, या एपीआयला नेमकं कोण बोलावतं? लॉग निदान एका पूर्ण कामकाजी चक्रापुरता चालू ठेवा. महिनाअखेरीस, तिमाहीला किंवा वर्षातून एकदाच चालणारे जॉब दोन आठवड्यांच्या लॉगमध्ये दिसत नाहीत आणि घात तेच करतात.

या उत्खननाला मुदत घाला, नाहीतर त्यातून बाहेरच येणार नाही. मुदत संपेपर्यंत जे कळलं नसेल ते ‘अज्ञात’ म्हणून प्रस्तावात स्पष्ट लिहा.

पायरी ३: आधी प्रश्न पटवा

ही पायरी छोटी आहे, पण ती गाळली तर पुढचं सगळं डळमळतं. एका पानावर फक्त आजचा त्रास मांडा, उपायाचा उल्लेखही करू नका. मागच्या सहा महिन्यांत या भागामुळे किती वेळा सेवा बंद पडली, नवी सोय जोडायला किती दिवस लागतात, कोणत्या सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबलंय. आकडे तुमच्याच सिस्टिममधले हवेत. ‘आधुनिक’, ‘स्वच्छ’, ‘भविष्यासाठी सज्ज’ असले शब्द वापरू नका, त्यांनी कोणाचाही त्रास कमी होत नाही. हे पान वाचून विरोधकांनी ‘हो, हा त्रास खरा आहे’ असं म्हटलं तरच पुढे जा. ते तसं म्हणत नसतील, तर कदाचित त्रास फक्त तुम्हालाच आहे. अशा वेळी मोठा बदल करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ४: किंमत कोण भरणार ते लिहा

इथे पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि ते जाणूनबुजून जुन्याशी विसंगत होतं. मुख्य कारण रास्त होतं. पायथन २ मध्ये मजकूर आणि कच्चे बाइट यांची सरमिसळ चालायची. साध्या इंग्रजी अक्षरांवर चाचण्या पास व्हायच्या आणि एखाद्या ग्राहकाच्या नावात वेगळ्या लिपीतलं अक्षर आलं की प्रोग्राम प्रोडक्शनमध्ये कोसळायचा. पायथन ३ नं दोन्ही प्रकार वेगळे केले. दुरुस्ती योग्यच होती, तरीही स्थलांतराला दशकाहून जास्त काळ लागला.

कारण किंमत चुकीच्या जागी पडली. सुरुवातीची कल्पना अशी होती की ‘टू-टू-थ्री’ नावाचं साधन जुना कोड नव्यात बदलून देईल. पण लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, लिहिणाऱ्यांचे वापरकर्ते दोन्हीकडे होते, त्यांना दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी चालवायच्या होत्या. अॅप्लिकेशन लिहिणारे म्हणत, आमच्या सगळ्या लायब्रऱ्या नव्यावर आल्या की आम्ही येऊ. लायब्ररीवाले म्हणत, आमचे वापरकर्ते जुन्यावरच आहेत. दोघंही बरोबर होते आणि दोघंही थांबून राहिले.

गाडं हललं ते दोन्हीकडे चालणारा कोड लिहिणं सोपं झाल्यावर. ‘सिक्स’सारखी लायब्ररी आली. २०१२ मध्ये पायथन ३.३ नं युनिकोड (सगळ्या लिपींतल्या) मजकुरापुढे लावायचं जुनं ‘यू’ अक्षर पुन्हा स्वीकारलं. नव्या भाषेत त्या अक्षराला काहीच अर्थ नव्हता, पण त्यामुळे हजारो ओळी न बदलता चालू लागल्या. पायथन २ चा पाठिंबा २०१५ मध्ये संपायचा होता, तो २०१४ मध्ये पुढे ढकलून १ जानेवारी २०२० पर्यंत नेला. त्या एका अक्षराकडे मी पुन्हा पुन्हा बोट दाखवतो, कारण बदल सुचवणाऱ्यांनी थोडा कुरूपपणा स्वतःकडे घेतला आणि समोरच्याचं ओझं उतरवलं.

तुमच्या प्रस्तावात असा तक्ता हवाच. प्रत्येक गटासाठी चार गोष्टी लिहा:

- त्यांना नेमकं काय बदलावं लागेल, शक्य तर फाइल आणि ओळींच्या पातळीवर
- त्याला किती वेळ लागेल आणि हा अंदाज त्यांनी स्वतः दिलाय का
- त्यातलं किती काम आम्ही त्यांच्या वतीनं करून देऊ
- हा बदल केल्यावर त्यांना स्वतःला, लगेच, काय मिळेल

चौथा रकाना रिकामा राहिला तर तिसरा भरगच्च हवा. दोन्ही रिकामे असतील, तर तुम्ही लोकांकडे फुकटचं काम मागताय आणि त्यांचा नकार योग्य आहे. माझा अनुभव असा की तयार पॅच (कोडमधली दुरुस्ती) घेऊन त्यांच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) जाणं हे कोणत्याही सादरीकरणापेक्षा प्रभावी ठरतं.

पायरी ५: जुनं आणि नवं एकत्र नांदेल अशी रचना करा

सगळं फेकून कोऱ्या पानावरून लिहायचा मोह प्रत्येकाला होतो. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीनं १९९८ मध्ये जुनं इंजिन सोडून ब्राउझर जवळपास नव्यानं लिहायला घेतला. चौथी आवृत्ती १९९७ ची, पाचवी कधी आलीच नाही आणि सहावी थेट नोव्हेंबर २००० मध्ये आली. मधल्या काळात बाजार हातातून गेला. पुढे त्याच कामातून फायरफॉक्स उभा राहिला हे खरं, पण तोवर ज्या कंपनीनं ते काम सुरू केलं तिचं स्थान उरलं नव्हतं.

याउलट रस्ट भाषेची ‘एडिशन’ पद्धत पाहा. २०१५, २०१८, २०२१, २०२४ अशा एडिशन, म्हणजे भाषेच्या नियमांच्या आवृत्त्या, आल्या. २०१८ मध्ये ‘असिंक’ हा राखीव शब्द झाला, म्हणजे इतर कशाला ते नाव देता येईना. त्याआधी कोणी आपल्या व्हेरिएबलला ते नाव दिलं असेल, तर त्याची लायब्ररी जुन्या एडिशनवर तशीच चालत राहिली आणि नव्या एडिशनचा प्रोग्राम ती लायब्ररी बिनधास्त वापरू शकला. कोणाला कोणासाठी थांबावं लागलं नाही. पायथनला नडलेली नेमकी हीच गाठ इथे सुटलेली दिसते.

गो भाषेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये, १.२२ आवृत्तीत, लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडच्या) व्हेरिएबलचा अर्थच बदलला: प्रत्येक फेरीला नवा व्हेरिएबल. मूळ भाषेच्या अर्थाला हात घालणारा हा बदल, पण ज्या मॉड्यूलनं (कोडच्या गटानं) आपल्या फाइलमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती जाहीर केली असेल त्यालाच तो लागू झाला. आधीच्या आवृत्तीत तो प्रयोग म्हणून चालवून बघता येत होता आणि चाचणी पडलीच तर ती कोणत्या लूपमुळे पडली हे शोधून देणारं साधनही दिलं होतं. विरोध फारसा उमटला नाही, कारण निर्णय ज्याच्या त्याच्या हातात ठेवला होता.

तुमच्या सिस्टिममध्ये याचा अर्थ असा: जुन्या भागापुढे एक पातळ थर उभा करा. सगळी मागणी त्यातून जाऊ द्या. मग एकेक काम नव्याकडे वळवा आणि प्रत्येक वळणाला फीचर फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करायचं बटण, लावा, म्हणजे काही मिनिटांत मागे येता येईल. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी या पद्धतीला ‘स्ट्रँगलर फिग’ असं नाव दिलं, जुन्या झाडाभोवती वाढत जाऊन हळूहळू त्याची जागा घेणाऱ्या वेलावरून. पहिला तुकडा निवडताना सगळ्यात सोपा घेऊ नका, त्यातून काही सिद्ध होत नाही. सगळ्यात अवघडही नको. पायरी १ मधल्या एखाद्या विरोधकाचा खरा त्रास कमी करणारा तुकडा निवडा.

पायरी ६: दोन्ही समांतर चालवा आणि फरक दाखवा

शंकेला आश्वासनानं उत्तर देऊ नका, तुलना दाखवा. तीच मागणी जुन्या आणि नव्या दोन्ही कोडला द्या, उत्तर जुन्याचंच परत पाठवा आणि फरक असेल तर तो लॉग करा. लिहिण्याच्या कामात काळजी घ्या: ईमेल दोनदा जायला नको, रक्कम दोनदा कापली जायला नको.

एक नमुना बघू. बिलात तीन ओळी आहेत, प्रत्येक १०.३४५ ची. जुना कोड प्रत्येक ओळ दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित करतो आणि मग बेरीज करतो: १०.३५ तीन वेळा, म्हणजे ३१.०५. नवा कोड आधी बेरीज करतो, ३१.०३५, आणि मग पूर्णांकित करून ३१.०४ देतो. गणिताच्या दृष्टीनं नवी पद्धत जास्त अचूक. पण हिशेब विभागाच्या जुन्या सगळ्या नोंदी पहिल्या पद्धतीनं जुळवलेल्या आहेत. तुम्ही न सांगता हे बदललंत तर ०.०१ च्या फरकासाठी ते लोक रात्रभर फाइली चाळतील आणि पुन्हा तुमच्या कुठल्याही बदलाला होकार देणार नाहीत.

म्हणून सापडलेल्या प्रत्येक फरकाचे तीन ढीग करा: नव्यातली चूक, जुन्यातली चूक, आणि जुन्यातली अशी चूक जिच्यावर कोणीतरी विसंबून आहे. तिसऱ्या ढिगातली वागणूक नव्यात आधी जशीच्या तशी उतरवा. ती सुधारायची असेल तर स्थलांतर पार पडल्यावर, वेगळा बदल म्हणून, ज्यांचं काम आहे त्यांना विचारून. स्थलांतर आणि सुधारणा एकाच वेळी केली की काय कशामुळे बिघडलं ते कोणालाच सांगता येत नाही.

या पायरीचं महत्त्व ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेच्या प्रकरणातून कळतं. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी ग्राहकांचा मुख्य भाग एकाच शनिवार-रविवारी नव्या प्लॅटफॉर्मवर हलवला. त्यानंतर सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यात शिरता येईना आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला.

पायरी ७: डिफॉल्ट सगळ्यात शेवटी बदला

आधी नवं ऐच्छिक ठेवा, मग नव्या वापरकर्त्यांना ते आपोआप द्या, मग जुन्यांना सूचना, आणि त्यानंतर डिफॉल्ट, म्हणजे काही न निवडता आपोआप मिळणारी वागणूक, बदला. गिट या व्हर्जन कंट्रोलच्या साधनानं ‘पुश’ (आपले बदल दुसरीकडे पाठवणं) या आज्ञेचं डिफॉल्ट मे २०१४ मध्ये, २.० आवृत्तीत बदललं. त्याच्या बऱ्याच आधीपासून आज्ञा चालवली की पडद्यावर सूचना यायची: हे वागणं बदलणार आहे, जुनं हवं असेल तर ही ओळ, नवं आजच हवं असेल तर ही ओळ. दोन्ही ओळी तिथल्या तिथे कॉपी करता येत होत्या. ‘हे आता कालबाह्य आहे’ एवढंच सांगणारी सूचना माणसाला फक्त चिडवते.

दिसणाऱ्या गोष्टींबाबत तर परतीची वाट लागतेच. विंडोज ८ मधून ऑक्टोबर २०१२ मध्ये स्टार्ट बटण काढलं, वर्षभरात ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसनं डिसेंबर २०१८ मध्ये ब्लॉकवाला नवा संपादक आणला तेव्हा बराच विरोध झाला, पण जुना संपादक प्लगइन (वरून जोडता येणारा भाग) म्हणून हाताशी ठेवला होता. ज्यांना वेळ हवा होता त्यांना तो मिळाला.

पायरी ८: निर्णय कोण घेणार हे आधी ठरवा

सगळं करूनही काही लोक राजी होणार नाहीत. एकमताची वाट पाहत बसलात तर बदल विझून जातो. कोण ठरवणार, कोणत्या तारखेपर्यंत ऐकून घेणार आणि कोणत्या कारणावर निर्णय फिरवता येईल, हे चर्चेच्या सुरुवातीलाच लिहून जाहीर करा. डेबियन या लिनक्स प्रकल्पात सिस्टिमडीचा (संगणक सुरू होताना बाकी सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रामचा) वाद पेटला तेव्हा फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं तोडगा निघाला. वाद तिथेच थांबला नाही, काहींनी वेगळं होऊन देवुआन हा प्रकल्प सुरू केला. तरी निर्णयाची रीत आधीपासून लिखित होती म्हणून प्रकल्प पुढे जाऊ शकला.

निर्णयाच्या दस्तऐवजात विरोधी मतं त्यांच्याच शब्दांत नोंदवा. आपलं म्हणणं नीट लिहिलेलं पाहिलेला माणूस हरूनही सोबत काम करतो.

पायरी ९: माघारीच्या अटी

हेही आधीच लिहा. अमुक तारखेपर्यंत निम्मी कामं नव्याकडे गेली नाहीत, किंवा चुकांचं प्रमाण जुन्यापेक्षा जास्त राहिलं, तर थांबायचं. कधी उत्तर असंही येतं की तुम्ही करताय ती वेगळीच वस्तू आहे आणि तिला वेगळं नाव हवं. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या सहाव्या आवृत्तीची, पर्ल ६ ची, घोषणा २००० साली झाली, पहिलं स्थिर प्रकाशन २०१५ च्या डिसेंबरमध्ये झालं आणि २०१९ मध्ये तिचं नाव राकू झालं. त्यानंतर पर्ल ५ ला कोणाची वाट पाहायची गरज राहिली नाही. हे नामकरण दहा वर्षं आधी झालं असतं तर दोन्ही भाषांचं भलं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

पायरी १०: जुनं खरोखर बंद करा

बहुतेक बदल इथे, शेवटच्या दहा टक्क्यांत अडकतात. दोन सिस्टिम कायमच्या चालत राहतात, दोन्हीकडे दुरुस्त्या कराव्या लागतात आणि पुढच्या प्रस्तावाला ‘मागचाच अजून संपला नाही’ हे उत्तर मिळतं.

जुन्यावर कोण उरलंय ते लॉगमधून काढा आणि त्या प्रत्येकाला नावानिशी गाठा. सरसकट पाठवलेला ईमेल कोणी वाचत नाही. मग जुनी सेवा ठरवून, आधी कळवून, थोड्या वेळापुरती बंद करा. कोड साठवायच्या गिटहब या सेवेनं गिटच्या कामांसाठी पासवर्ड स्वीकारणं १३ ऑगस्ट २०२१ पासून थांबवलं, त्याआधी असेच तात्पुरते खंड घेतले होते. अशा खंडात विस्मरणात गेलेले वापरकर्ते आपोआप पुढे येतात आणि त्यांना दुरुस्तीला अवधीही मिळतो. पहिला खंड कामाच्या दिवशी, सकाळी, सगळे जागेवर असताना घ्या, दहा मिनिटांचा. दुसरा तासाभराचा. महिनाअखेर टाळा.

दोन्ही खंड शांतपणे पार पडले की जुन्या डेटाची फक्त वाचता येईल अशी प्रत काढा, ती खरंच उघडते का ते एकदा उघडून तपासा, फ्लॅग काढा, पातळ थरातल्या जुन्या वाटा काढा आणि जुना कोड रिपॉझिटरीतून पुसा. तो पुसणारा कमिट शक्य असेल तर जुन्या सिस्टिमचा सगळ्यात जाणकार माणूस करू दे. त्या कमिटच्या वर्णनात जुन्यानं किती वर्षं काय सांभाळलं आणि त्यातली कोणती वागणूक नव्यात मुद्दाम तशीच ठेवली आहे, ते लिहा. पुढे कोणी इतिहास वाचायला बसेल तेव्हा त्याला तेच लागणार आहे.